फादर कॅलन यांची ठिणगी आणि होडीचे जुने यंत्र

मुक्ताईनगर हे नाव उच्चारताच खानदेशातील कोणालाही संत मुक्ताबाईंचे स्मरण होते. पूर्वी एदलाबाद म्हणून ओळखल्या जाणाऱ्या या गावाने त्यांचेच नाव धारण केले आहे. शके १२१९ मध्ये तापीच्या तीरी मेहूणजवळ वीज कडाडली आणि त्या तेजात मुक्ताबाई लुप्त झाल्या, असे वारकरी परंपरा सांगते. तो श्रद्धेचा विषय आहे आणि त्याविषयी आदराने मौन बाळगणेच उचित. प्रस्तुत लेखात ज्या विजेची कथा सांगावयाची आहे ती फार लहान आहे. तिची झेप जेमतेम पाऊण मिलिमीटरची असते; परंतु भरल्या नदीत होडीचे यंत्र चालू होणार की नाही, हे तिच्यावरच अवलंबून असते.

याच तालुक्यात चांगदेव येथे पूर्णा नदी तापीला मिळते. १९८२ मध्ये हतनूर धरण पूर्ण झाल्यापासून संगमाच्या परिसरात पाण्याचा फुगवटा पसरलेला असतो. एरवी शांत दिसणारे हे पाणी पावसाळ्यात रूप पालटते. सातपुड्यात आणि वऱ्हाडात पाऊस झाला की दोन्ही नद्या एकदम चढतात, हतनूरचे ४१ दरवाजे उघडण्याची वेळ येते, आणि वल्ह्यांच्या बळावर पैलतीर गाठणे धोक्याचे होते. अशा वेळी होडीच्या मागच्या फळीवर शिकंजाने अडकवलेले, वर इंजिन आणि खाली पंखा असे जे सुटे यंत्र असते, ज्याला सर्वत्र ‘आऊटबोर्ड’ म्हणतात, त्याचे मोल कळते.

वसई, उत्तन, मढ येथील आपल्या कोळी बांधवांना या यंत्राची ओळख असली, तरी त्यांच्या मोठ्या मच्छीमार होड्यांत डिझेल इंजिन बसवलेले असते. डिझेल इंजिनात हवा इतकी दाबली जाते की तिच्या उष्णतेनेच इंधन पेटते. तेथे ठिणगीचे काम नसते. शेतकऱ्याच्या विहिरीवरील डिझेल इंजिनाचेही तसेच. पेट्रोलवर चालणाऱ्या आऊटबोर्डला मात्र प्रत्येक फेऱ्याला एक ठिणगी लागते. ती मिळाली नाही, तर दोर कितीही ओढला तरी यंत्र मुके राहते. जुनी आऊटबोर्ड यंत्रे मुकी होतात ती पुष्कळदा याच कारणाने. हा दोष कसा शोधावा, हे समजून घेताना एक मनोरंजक गोष्ट ध्यानात येते: ठिणगी निर्माण करणाऱ्या प्रत्येक भागाला स्वतःचा इतिहास आहे, आणि दोष शोधणारा कारागीर त्या इतिहासाच्या वाटेनेच उलट चालत जातो. त्या वाटेवर एक कॅथलिक धर्मगुरूही भेटतात. त्यांचे नाव आपल्या धर्मग्रामांत क्वचितच कोणी ऐकले असेल.

मेनूथचे प्राध्यापक

१८३१ साली लंडनमध्ये मायकेल फॅरेडे यांनी दाखवून दिले की, तारेच्या वेटोळ्याजवळ चुंबक हलवला की तारेत वीज वाहू लागते. लोहाराच्या या मुलाने जगाला दिलेली ही देणगी म्हणजे पुढील साऱ्या विद्युत्‌युगाचा पाया होय. परंतु फॅरेडे यांच्या वेटोळ्यातून निघणारी वीज दुबळी होती. तिला हवेतून उडी मारावयास लावण्याचे काम आयर्लंडमधील एका सेमिनरीत झाले.

फादर निकोलस कॅलन यांचा जन्म १७९९ मध्ये आयर्लंडच्या लाऊथ परगण्यात झाला. १८२३ मध्ये त्यांना गुरुदीक्षा मिळाली. पुढील शिक्षणासाठी ते रोमला गेले. तेथे ईशज्ञानाची डॉक्टरेट मिळवीत असतानाच गॅल्व्हानी आणि व्होल्टा या इटालियन शास्त्रज्ञांच्या प्रयोगांशी त्यांचा परिचय झाला. १८२६ मध्ये ते मेनूथ येथील सेंट पॅट्रिक सेमिनरीत निसर्गविज्ञानाचे प्राध्यापक झाले आणि १८६४ मध्ये मृत्यू येईपर्यंत त्याच पदावर राहिले. संत आल्फोन्सस लिगोरी यांच्या भक्तिपर ग्रंथांची इंग्रजी भाषांतरे करणारा हा साधा धर्मगुरू तळघरातील प्रयोगशाळेत गावच्या लोहाराकडून लोखंडाचे मोठमोठे नाल घडवून घेई आणि त्यांवर स्वतःच्या हाताने तारा गुंडाळी.

१८३६ मध्ये फादर कॅलन यांनी एकाच लोखंडी गाभ्यावर दोन वेटोळी गुंडाळली: एक जाड तारेचे, थोड्या फेऱ्यांचे, दुसरे बारीक तारेचे, पुष्कळ फेऱ्यांचे. जाड तारेतील प्रवाह एकदम तोडला की बारीक तारेत फार मोठ्या दाबाची वीज उसळते, असे त्यांना आढळले. प्रवाह जितक्या झटकन तुटेल तितकी ठिणगी जोरकस. म्हणून त्यांनी प्रवाह पुनःपुन्हा जोडणारी व तोडणारी एक युक्तीही केली. आज स्कूटरच्या दुकानात आपण ज्याला ‘कॉईल’ म्हणतो आणि ज्याला ‘पॉइंट’ म्हणतो, त्या दोहोंचे पूर्वज त्या तळघरात जन्मले.

त्या काळी विजेचा दाब मोजण्याची साधने नव्हती. तेव्हा धक्का कोणाला किती बसतो, यावरून अंदाज बांधला जाई. पुढे डब्लिनचे आर्चबिशप झालेले विल्यम वॉल्श हे विद्यार्थिदशेत अशा एका प्रयोगात बेशुद्ध पडले, अशी हकिकत सांगितली जाते. जुन्या यंत्राची उघडी तार हाती धरण्याचा मोह ज्यांना होतो, त्यांनी ही हकिकत अवश्य ध्यानात ठेवावी.

ठिणगी पाण्यावर येते

कॅलन यांच्या कॉईलमध्ये एक उणीव राहिली होती. पॉइंट उघडताना प्रवाह तुटण्यास राजी नसे. तो उघडणाऱ्या फटीतूनच उडी मारी, तेथेच ठिणगी पडे आणि जेथे ती हवी तेथे दुबळी होई. १८५३ मध्ये फ्रेंच शास्त्रज्ञ फिझो यांनी पॉइंटच्या जोडीला कंडेन्सर बसवला. पाटाचे पाणी एकदम अडवल्यावर ते बाजूच्या खड्ड्यात वळावे, तसा उसळलेला प्रवाह क्षणभर कंडेन्सरमध्ये शिरतो, पॉइंट जळत नाहीत आणि प्रवाह खरोखरच एकदम तुटतो. १८६० मध्ये पॅरिस येथे लेन्वार यांनी आपल्या वायूच्या इंजिनात कॉईल आणि चिनीमातीच्या आवरणाचा प्लग वापरून ठिणगीला प्रथमच खऱ्या अर्थाने कामाला लावले.

यानंतरचा प्रश्न होता, इंजिनाबरोबर फिरेल अशी वीज आणावी कोठून? १८८६ मध्ये गॉटलीब डाइम्लर यांनी जर्मनीतील नेकार नदीवर इंजिनाची होडी चालवली, तेव्हा लोकांना पेट्रोलची इतकी भीती वाटे की, त्यांनी होडीच्या कडेने तारा व चिनीमातीच्या कप्प्या बसवून ती विजेवर चालत असल्याचा देखावा केला, असे सांगतात. प्रत्यक्षात तिच्यात वीज नव्हतीच. तापवलेल्या नळीने इंधन पेटत असे. त्याच काळात मोटारीचे जनक कार्ल बेन्झ बॅटरी आणि कॉईल वापरीत होते, आणि साऱ्या अडचणींत ठिणगीची अडचण त्यांना सर्वांत अवघड वाटे. बॅटरी उतरली की गाडी थांबे.

यावरील उत्तर स्टुटगार्टच्या रॉबर्ट बॉश यांच्या कारखान्यातून आले. १८८७ पासून ते स्थिर इंजिनांसाठी ‘मॅग्नेटो’ तयार करीत. मॅग्नेटो म्हणजे चुंबकाच्या जोरावर स्वतःची वीज स्वतः निर्माण करणारे साधन. १९०२ मध्ये बॉश यांचे सहकारी गॉटलोब होनोल्ड यांनी त्यात उच्च दाबाची कॉईल समाविष्ट केली, आणि प्लगपर्यंत थेट ठिणगी पोहोचवणारा मॅग्नेटो सिद्ध झाला. फॅरेडे यांचा चुंबक, कॅलन यांची कॉईल व पॉइंट आणि फिझो यांचा कंडेन्सर एकाच साधनात एकत्र आले. बॉश यांच्या सहकार्याने १९५१ मध्ये बंगलोरला निघालेल्या कारखान्याचा ‘मायको’ प्लग पुढे आपल्याकडे गावोगावच्या दुकानांत पोहोचला.

होडीला बाहेरून अडकवण्याचे यंत्र अमेरिकेत आकारास आले. १९०५ च्या सुमारास डेट्रॉईटच्या कॅमेरॉन वॉटरमन यांनी असे यंत्र चालवून दाखवले. पण ते घराघरात नेले ओले एव्हिनरूड यांनी. १८७७ मध्ये नॉर्वेत जन्मलेले आणि लहानपणीच अमेरिकेत गेलेले एव्हिनरूड मिलवॉकी येथे यंत्रांचे साचे बनवीत. वल्ही मारून सरोवर ओलांडताना झालेल्या दमछाकीतून त्यांना ही कल्पना सुचली, असे म्हणतात. १९०९ मध्ये त्यांची यंत्रे विक्रीस आली: शक्ती दीड अश्वशक्तीची, वजन सुमारे २८ किलो. व्यवहार सांभाळणाऱ्या त्यांच्या पत्नी बेस यांनी जाहिरात लिहिली, तिचा आशय असा की, आता वल्ही मारू नका, ती फेकूनच द्या! या सल्ल्याकडे आपल्याला पुढे पुन्हा यावयाचे आहे.

अशा आरंभीच्या यंत्रांना ठिणगीसाठी सुके सेल लागत. पाण्याची आणि सेलची मैत्री कधीच नसते. त्यामुळे लवकरच मॅग्नेटो थेट इंजिनाच्या जड चक्रात, म्हणजे फ्लायव्हीलमध्ये बसवला जाऊ लागला. १९२० नंतर जॉन्सन बंधूंची हलकी यंत्रे आणि १९३१ पासून इंग्लंडची ‘ब्रिटिश सीगल’ ही याच पद्धतीची. पुढील सुमारे अर्धशतक जगातील बहुतेक लहान आऊटबोर्ड अशा मॅग्नेटोवर चालले. त्याचा मोठा गुण असा की, तो बाहेरून काहीही मागत नाही. बॅटरी नको, दिवा नको. माणसाने दोर ओढला की पुरे. त्याचा दुर्गुणही तेथेच आहे. सारे काही एका लोखंडी टोपीखाली दडलेले असल्यामुळे आत काय बिघडले, ते डोळ्यांस दिसत नाही.

आपल्या किनाऱ्यावर

भारतात हे यंत्र रुजले ते मुख्यतः दक्षिणेच्या किनाऱ्यावर, आणि तेथेही नॉर्वेचे नाव पुन्हा येते. १९५२ मध्ये भारत, नॉर्वे आणि संयुक्त राष्ट्रे यांच्यात झालेल्या करारानुसार केरळात कोल्लमजवळ नींडकरा व शक्तिकुलंगरा या गावांत मच्छीमारीच्या यांत्रिकीकरणाचा प्रकल्प सुरू झाला. या गावांतील पुष्कळ कोळी कुटुंबे आपल्याच श्रद्धेची. प्रकल्पाने भर दिला तो आत बसवलेल्या डिझेल इंजिनांच्या नव्या होड्यांवर. ज्यांच्यापाशी केवळ कट्टमरम होते, ते गरीब कोळी मागेच राहिले.

या गरीब कोळ्यांसाठी ज्यांनी खटपट केली, त्यांत बेल्जियन मिशनरी होते. कन्याकुमारी जिल्ह्यात फादर जेम्स टोंबर यांनी कोट्टार धर्मप्रांताच्या समाजसेवा संस्थेचे कार्य उभारले, तर मुट्टम येथे फादर पिएर जिले यांनी लाटांतून किनाऱ्यावर येऊ शकतील अशा प्लायवुडच्या लहान होड्या विकसित केल्या. १९८० मध्ये त्रिवेंद्रम येथे लहान मच्छीमारांच्या सहकारी संस्थांचा दक्षिण भारतीय महासंघ स्थापन झाला. त्याच दशकात जपानी आऊटबोर्ड यंत्रे केरळच्या किनाऱ्यावर झपाट्याने पसरली. ती पेट्रोलवर सुरू करून रॉकेलवर चालवीत. रॉकेल स्वस्त खरे. परंतु त्याची काजळी प्लगवर साचते आणि ठिणगीचा घात करते. होडी आणि यंत्र मिळवून देणे हे अर्धेच काम. ते यंत्र किनाऱ्यावरच दुरुस्त करता येणे हे उरलेले अर्धे, हा धडा त्या वर्षांनी शिकवला.

महाराष्ट्रात कोकणातील लहान होड्यांवर आऊटबोर्ड दिसतात. मात्र देशावरच्या आणि खानदेशच्या माणसाला ते दिसते मुख्यतः पुराच्या वेळी. ऑगस्ट २०१९ मध्ये कृष्णा आणि पंचगंगेला महापूर आला, तेव्हा सांगली-कोल्हापूरच्या गल्ल्यांतून आऊटबोर्ड लावलेल्या रबरी होड्या फिरल्या आणि असंख्य माणसे सुखरूप बाहेर आली. राज्य आपत्ती प्रतिसाद दलाची तुकडी आपल्या धुळ्यातही आहे. या दलांची यंत्रे नवी असतात. त्यांत पॉइंट नसतात. १९७० नंतर हळूहळू आलेली इलेक्ट्रॉनिक पद्धत असते. परंतु गावांत, धरणांच्या फुगवट्यावर, कोणाच्या तरी गोठ्यात किंवा गोदामात पॉइंटवाली जुनी यंत्रे अजून आहेत, आणि दलाची होडी येईपर्यंतच्या पहिल्या काही तासांत उपयोगी पडू शकतात ती तीच.

टोपीखालचा शोध

असेच एक यंत्र उघडले जाताना पाहण्याचा योग मला संगमाजवळच्या एका वस्तीत आला. नाव घासून गेलेले, दोन-तीन पावसाळे वापराविना पडून राहिलेले ते यंत्र होते. दुरुस्तीस आलेल्या वयस्क मिस्त्रींनी आयुष्यभर मोपेड आणि स्कूटर दुरुस्त केल्या होत्या. होडीच्या यंत्राला त्यांनी कधी हात लावला नव्हता. त्यांनी वरची टोपी काढली, क्षणभर पाहिले आणि म्हणाले, “लुनाचंच मॅग्नेट आहे हे, फादर, फक्त आडवं निजवलंय.” त्यांचे म्हणणे अक्षरशः खरे होते. लुनामध्ये फ्लायव्हील उभे फिरते, आऊटबोर्डमध्ये आडवे. बाकी रचना तीच.

त्यांनी प्रथम प्लग काढून हुंगला. तो पेट्रोलने ओला होता. प्लग कोरडा असता तर दोष इंधनाच्या वाटेत, टाकीत किंवा कार्ब्युरेटरमध्ये शोधावा लागला असता. ओला असून यंत्र चालत नाही, याचा अर्थ इंधन पोहोचते आहे, संशय ठिणगीवर. ही पहिली परीक्षा न करता जे थेट फ्लायव्हील काढावयास धावतात, ते श्रम वाया घालवतात.

दुसरी परीक्षा ठिणगीची. त्यांनी प्लग तारेला जोडून त्याचे लोखंडी अंग इंजिनाला टेकवले आणि दोर ओढला. प्लगच्या मोकळ्या भोकातून पेट्रोलची वाफ बाहेर येते. म्हणून प्लग त्या भोकापासून दूर ठेवला होता. टच्‌ आवाज करणारी निळी ठिणगी दिसली तर उत्तम. पिवळी, बारीक असेल तर दुबळी. उघड्या हवेत पाऊण मिलिमीटर उडणारी ठिणगी इंजिनाच्या आतल्या दाबाखाली विझू शकते. म्हणून जाणते कारागीर तारेचे टोक इंजिनापासून सुमारे सहा मिलिमीटरवर धरून पाहतात. अर्थात ते हातात धरावयाचे नसते. कोरड्या लाकडाला बांधावयाचे असते. आमच्या यंत्रात ठिणगी मुळीच नव्हती.

मग वरून खाली एकेक गोष्ट पाहत जाणे आले. प्लग नवा लावला, फरक नाही. पेट्रोलमध्ये तेल मिसळणाऱ्या या यंत्रांत, विशेषतः जुन्या सीगलसारख्या दहा भागांस एक भाग तेल मागणाऱ्या यंत्रांत, प्लग तेलकट होऊन बंद पडणे ही नित्याची गोष्ट आहे. त्यानंतर प्लगची तार पाहिली. तिचे आवरण उन्हाने तडकले असेल, तर ठिणगी तेथूनच इंजिनात उतरते. अंधारात पाहिल्यास ती दिसते. पुढे यंत्र बंद करण्याच्या बटणाची तार सोडवून पाहिली. हे बटण ठिणगीला जमिनीची वाट दाखवूनच यंत्र थांबवते; ते गंजून आतल्या आत चिकटले, तर यंत्र कायमचे बंद अवस्थेत राहते. कित्येकदा सारा दोष या एका तारेत निघतो. येथे तो नव्हता.

आता फ्लायव्हील काढणे भाग होते. त्यासाठी खेचणी वापरावी. क्रँकशाफ्टच्या टोकावर हातोडा घालण्याची सवय वाईट. त्याने शाफ्ट वाकतो, आणि जुन्या पोलादी चुंबकांची शक्ती आघातांनी क्षीण होते. खाली बसवलेली लहान अर्धगोल चावीही पाहावी. ती तुटून चक्र थोडे जरी सरकले, तरी ठिणगी चांगली असूनही चुकीच्या क्षणी पडते आणि दोर उलटा झटका मारतो.

चक्राखाली कॉईल, पॉइंट आणि कंडेन्सर दिसले. चक्रातील चुंबक कॉईलजवळून जाताना जाड तारेत प्रवाह उत्पन्न होतो आणि मिटलेल्या पॉइंटमधून फिरतो; तो भरास आला की शाफ्टवरील उंचवटा पॉइंट उघडतो, आणि बारीक तारेतून हजारो व्होल्टचा झोत प्लगकडे धावतो. एका सिलिंडरचे यंत्र मिनिटाला ४००० फेरे घेत असेल, तर सेकंदाला साठाहून अधिक वेळा हे घडते. ज्या यंत्राला एवढी घाई, ते बंद पडते मात्र एका पुसट थराने. वापर नसला की पॉइंटच्या टोकांवर राखाडी गंज चढतो आणि ती मिटली तरी वीज जात नाही. मिस्त्रींनी टोके बारीक कानशीने घासली, मग स्वच्छ जाड कागद त्यांतून ओढून घासणीचा कण न्‌ कण काढला आणि फिलर गेजने फट अर्ध्या मिलिमीटरवर आणली. बहुतेक जुन्या यंत्रांस एवढीच फट लागते. तथापि पुस्तिका उपलब्ध असल्यास तिचेच मानावे.

ठिणगी आली, परंतु पिवळी. दोर ओढताना पॉइंटमध्येही लखकन्‌ उजेड दिसे. फिझो यांच्या आधी कॅलन यांना जी अडचण होती, तीच आमच्यासमोर उभी राहिली: कंडेन्सर मेला होता. मिस्त्रींनी पिशवीतून स्कूटरचा, जवळजवळ तेवढ्याच क्षमतेचा कंडेन्सर काढून बसवला आणि दोर ओढला. या खेपेस ठिणगी निळी होती.

येवढ्यावर भागले नसते, तर कॉईलची पाळी होती. कॉईलचा दोष फसवा असतो. यंत्र थंड असताना चालते, पंधरा-वीस मिनिटांनी तापले की थांबते आणि निवल्यावर पुन्हा चालते, कारण उष्णतेने फुगून आतील बारीक तार तुटल्या जागी अलग होते किंवा तिचे आवरण फुटते. १९५० नंतरच्या काही अमेरिकन यंत्रांतील कॉईलची आवरणे कालांतराने तडकतात, हे या विषयातील जाणकारांस परिचित आहे. मीटरने तपासता जाड तारेचा रोध साधारण एक ओहम आणि बारीक तारेचा काही हजार ओहम यावा. बारीक तार मुळीच वीज नेत नसेल, तर कॉईल बदलण्यावाचून गत्यंतर नसते. सर्वांत शेवटी संशय घ्यावा तो चुंबकावर. तो क्वचितच पूर्ण निकामी होतो. चुंबक आणि कॉईलचा गाभा यांमधील गंज साफ केल्यावर बहुधा पुरते.

प्लग, तार, बटण, पॉइंट, कंडेन्सर, कॉईल, चुंबक. लेन्वार यांच्यापासून फॅरेडे यांच्यापर्यंतचा हा प्रवास मिस्त्रींनी दीड तासात केला. त्यांना यांतील एकाचेही नाव ठाऊक नव्हते. एका वेळी एकच गोष्ट बदलावी, बदलल्यावर पाहावे आणि पाहिल्यावाचून पुढे जाऊ नये, एवढी शिस्त मात्र त्यांच्या हातांत मुरलेली होती. त्यानंतर यंत्र पाण्याने भरलेल्या पिंपात उभे करून चालवले गेले. आऊटबोर्ड कोरडे चालवू नये. त्याला थंड ठेवणाऱ्या पंपातील रबरी चकती पाण्यावाचून काही क्षणांत जळते.

ठिणगी जपावी कशी?

यंत्र नादुरुस्त झाल्यावर काय करावे, यापेक्षा ते होऊ नये म्हणून काय करावे, हे अधिक मोलाचे. ज्या गावांत, आश्रमशाळांत किंवा संस्थांत असे यंत्र आहे, तेथे ते महिन्यातून एकदा पिंपात चालवावे; पॉइंटचा गंज मोडण्यास याहून चांगला उपाय नाही. जून उजाडण्यापूर्वी ते एकदा उघडून पाहावे. जुने पेट्रोल टाकीत ठेवू नये. एक नवा प्लग, पॉइंटचा जोड, कंडेन्सर, फिलर गेज आणि प्लगचा पाना डब्यात कोरडे ठेवावेत. होडीत जितकी माणसे, तितकी जीवरक्षक जाकिटे असावीत. आणि बेस एव्हिनरूडबाईंचा सल्ला न मानता वल्ही होडीतच ठेवावीत! त्यांच्याच आडनावाचा आऊटबोर्ड २०२० मध्ये बाजारातून निघून गेला, ‘ब्रिटिश सीगल’चे उत्पादन १९९६ मध्येच थांबले, वल्ही मात्र अद्याप कोठे गेलेली नाहीत.

राहता राहिले फादर कॅलन. त्यांच्या कॉईलचे श्रेय दीर्घकाळ पॅरिसचे कुशल यंत्रकार रूमकोर्फ यांच्याकडे गेले. १८६४ मध्ये, म्हणजे कॅलन यांच्या निधनाच्याच वर्षी, फ्रान्सच्या सम्राटाने ठेवलेले ५०,००० फ्रँकचे व्होल्टा पारितोषिक रूमकोर्फ यांना मिळाले. रूमकोर्फ अप्रामाणिक नव्हते; त्यांनी कॉईलमध्ये मोठी सुधारणा केली होती. परंतु मेनूथच्या सेमिनरीत ईशज्ञानापुढे तळघरातील तारांची नोंद ठेवावी, असे कोणाला फारसे वाटले नाही, आणि विसाव्या शतकात तेथीलच अभ्यासकांनी जुने कागद चाळून कॅलन यांचा अग्रमान सिद्ध करीपर्यंत जग त्यांना विसरलेले होते.

आज तीच पाळी वेगळ्या माणसांवर आली आहे. पॉइंट साफ करणारे, आवाजावरून कंडेन्सर ओळखणारे मिस्त्री आता साठीच्या पुढे आहेत. त्यांच्या मुलांनी नव्या यंत्रांचे शिक्षण घेतले आहे आणि ते योग्यच आहे. उत्तनच्या, वसईच्या, भुसावळच्या रेल्वे वसाहतींतल्या किती घरांत असे हात असतील! वाचकांतील तरुणांनी आपल्या वडिलांजवळ, आजोबांजवळ एखाद्या रविवारी वही घेऊन बसावे आणि कोणता दोष कोणत्या खुणेने ओळखला, ते त्यांच्याच शब्दांत उतरवून घ्यावे. या कामाला पदवी लागत नाही, खर्चही नाही. आणि पुढच्या एखाद्या पुरात कोणीतरी दोर ओढील तेव्हा त्या वहीचे एक पान कामी येईल.